ओच्यातले वीस दाणे

दहा झाडं, वीस दाणे. शेतीशाळेतल्या प्रेरणाताईंचा हिशेब पंचफुलानं असा सोपा करून घेतला होता: कापसाच्या पऱ्हाटीवर पिठ्या ढेकूण खाणारा मित्रकिडा दिसला की ओच्यात तुरीचा एक दाणा. दहा झाडांत वीस भरले, तर फवारा नाही.

बांधाच्या धुऱ्यावर तिचा नवरा रामसिंग फवाऱ्याचा पंप धुऊन तयार होता. मागच्या साली फवारतानाच विष चढून तो ओळींमधल्या तासात पडला अन् पाच दिवस दवाखान्यात. तरी खोड जाईना.

"भरले का वं तुये दाणे?"

"एकवीस!"

हरखून तिनं एका लाल, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याला बोट लावलं. तो उडाला नाही. पाय नुसते थरथरले. पोटाखाली पिवळट कोश होता. प्रेरणाताईंनी फोनवर हेच दाखवलं होतं, तेव्हा हिनं डोळे झाकले होते. बारक्या माशीची अळी किड्याला आतून खाते, पोट फोडून बाहेर येते, त्याच्याच पायांत घर विणते. अन् हा अर्धमेला तिची राखण करत बसतो.

पंचफुलानं बोट झटकन मागं घेतलं. "शी! आतडी खाल्ली तिनं, अन् हा मेला तिचाच चौकीदार!"

राखणदार काय ढेकूण खाणार? तिनं पुन्हा मोजलं. असे राखणदार नऊ निघाले, नऊ दाणे फेकावे लागले. उरले बारा. रामसिंगनं पंप पाठीवर घेतला.

तेवढ्यात पिठ्या ढेकणांच्या पांढऱ्या गचपणात एक ढेकूण चक्क धावला. शेजारच्याला धरलं अन् पिचपिच चोखलं. पंचफुलाला आठवलं. ताईंनी डब्यातून परदेशी ढालकिडे सोडले होते, काळे, नारिंगी मानेचे. त्यांच्या वाटेला ती माशी जात नाही, म्हणाल्या होत्या. पिल्लं कापसाच्या बोळ्यासारखी असतात, हेही म्हणाल्या होत्या.

नाक मुरडत तिनं त्याच दहा झाडांवरचे धावणारे बोळे मोजले. आठ. मग एक चिमटीत धरून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"अवो, हा आपला मानूस हाय. वीस झाले. उतरवा पंप."

रामसिंगनं हात झटकला नाही, हेच नवल. "अन् तीन दिवसांपासून तू ढेकूण समजून यायलेच चिरडून राह्यलती ना?"

"हो," ती म्हणाली. "त्या माशीची सख्खी बहीण मी."

पंप धुऱ्यावर उतरला. पंचफुलानं उजव्या हाताच्या नखातली पांढरी भुकटी मातीत घासली, पुन्हा घासली. दुपारी भाकर तिनं डाव्या हातानं खाल्ली.