मोठ्या बाईंच्या पोटातली वर्दी

मोठ्या बाईंनी चाळीस वर्षं शाळा चालवली ती नुसत्या नजरेच्या धाकावर. वर्गात कोणी पादलं, की बाई खडू खाली ठेवत. "कोण ते? हात वर!" हात वर होईपर्यंत फळ्यावर पुढचं अक्षर उमटत नसे. अशा बाईंच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि घरादाराच्या तोंडी एकच प्रश्न राहिला, "वारा सरला का?" शोभतं का हे?

डॉक्टरांनी समजावलं होतं. आतड्याला जाणिवेच्या पेशी असतात. हवा भरून आतडं ताणलं, की त्या वर्दी देतात, मग आतडं हलतं. ऑपरेशननंतर हा कारभार काही दिवस ठप्प होतो. "पण पाचव्या दिवशीही वारा सरला नाही, तर पोट पुन्हा उघडून बघावं लागेल."

बाईंना त्या पेशींचं कौतुकच वाटलं. वर्गाच्या मॉनिटरच की!

पाचव्या दिवशी सकाळी सूनबाई उशी सारखी करत होती, आणि वारा सरला. चांगला खणखणीत! बाई जोरात खोकल्या. "पलंग किती करकरतोय गं," म्हणाल्या. सून भोळी बिचारी, खाली वाकून पलंगाचे पाय बघून आली.

तेवढ्यात डॉक्टर आले. "काही हालचाल?"

"छे," बाई बोलून गेल्या.

डॉक्टर गंभीर झाले, ऑपरेशनची तयारी सांगू लागले. सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. बिचाऱ्या पेशींनी इमानेइतबारे वर्दी दिली होती, खोटं बोलली ती हेडबाई! पण आता सांगायचं कोणत्या तोंडानं? जीव गेला तरी बेहत्तर, असं त्यांच्या मनात आलं. लगेच वाटलं, नको गं बाई, जीव कशाला जायला हवा?

पडद्यापलीकडे ड्रेसिंगच्या पट्ट्या कापता कापता मघाचा आवाज ऐकलेली सिस्टर बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. एकदा वर्गात पादल्याच्या गुन्ह्यासाठी तासभर बाहेर उभी राहिलेली. ती आत आली, बाईंच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत राहिली. आत छान गुडगुडत होतं. मग ताठ उभी राहिली आणि हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाली,

"मघाशी कोण ते? हात वर!"

डॉक्टरांनी वळून बाईंकडे पाहिलं.

मोठ्या बाईंनी सलाइन नसलेला हात हळूहळू वर केला, आणि अशा हसत सुटल्या की टाके दुखले.