गारलंडचा उजवा गुडघा

आमच्या लष्करी अकादमीच्या मेसमध्ये दुपारच्या जेवणाला चार हजार काटेचमचे वाजायचे, आणि सज्जातून ‘लक्ष द्या!’ अशी हाक आली की एकदम थांबायचे. १९६६च्या त्या मोसमात हाकेनंतर दोनच गोष्टी यायच्या. शनिवारच्या फुटबॉल सामन्याची वेळ, नाहीतर व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या आमच्या एखाद्या माजी कॅडेटचं नाव. पहिला शब्द कानावर पडेपर्यंत घास तोंडात तसाच धरून बसायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला सामना जिंकलो आणि मंगळवारी नाव आलं, लेफ्टनंट डेल रॅडमाकर, पायदळ. मागच्या वर्षीचा आमच्या संघाचा कप्तान. समोर बसलेल्या गारलंड टटलने काटा खाली ठेवला.

“फेब्रुवारीत दल निवडताना मी पायदळच मागणार,” तो म्हणाला.

“आधी शनिवारचं बघ,” मी म्हणालो.

गारलंड माझा खोलीतला सोबती, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीवरचा. मी वाकून पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि तो घेऊन त्याने पळायचं, एवढंच आमचं नातं, पण तीन वर्षं ते घड्याळासारखं चाललं होतं. तिसऱ्या सामन्यानंतर बराकीचा जिना चढताना त्याचा उजवा गुडघा जागचा सरकला. त्याने कठड्याला धरून तो स्वतःच आत ढकलला. तो आवाज ऐकून मी ओरडलो.

“गप रे! गुडघा माझा आहे, बोंब तू कशाला मारतोस?” पांढराफटक पडला होता, तरी हसत होता.

तेव्हापासून दर शनिवारी संघाची दुखणीखुपणी बघणारे सार्जंट बार्टलो त्याचा गुडघा पट्टीने आवळायचे. कोरियात दोन बोटं गेली होती त्यांची. उरलेल्या आठांना सगळं कळायचं. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं.

“एमेट साहेब, हा गुडघा मैदानात सुटला तर फार तर एक सामना जाईल. तिकडे भातशेतात सुटला तर?”

“मग तुम्हीच सांगा ना डॉक्टरांना.”

“मी सांगितलं तर म्हातारा बडबडतोय म्हणतील. कॅडेटच्या शब्दावर इथे कुणी पुरावा मागत नाही. डिसेंबरात तपासणी आहे. तेव्हा तुम्ही सांगितलंत तर पायदळाऐवजी गोदामाची नोकरी मिळेल त्याला. शिव्या घालेल तुम्हाला, पण जिवंत राहून घालेल.”

खरंच होतं ते. आमच्याकडे खोटं बोललेला पोरगा त्याच संध्याकाळच्या गाडीने घरी जायचा. अर्धवट खरंही खोट्यातच धरलं जायचं.

आणि मी गप्प बसलो. मला नौदल अकादमीच्या पोरांना हरवायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. आम्ही जिंकत होतो, आणि सज्जातून नावं येत होती. ऑक्टोबरात दोन, नोव्हेंबरात तीन. जिंकल्याच्या आठवड्यात हाक आली की मला वाटायचं, कुणीतरी आमचा हिशेब चुकता करून घेतोय. 

शेवटच्या शनिवारी फिलाडेल्फियात गारलंड चेंडू छातीशी धरून साठ यार्ड पळाला आणि आम्ही नौदलाला हरवलं. ड्रेसिंग रूममध्ये पट्टी सोडली तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. तपासणीच्या दिवसापर्यंत सूज उतरली.

डॉक्टर मेजर होते, थकलेले. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. “तू याच्या शेजारी खेळतोस ना? हा गुडघा कधी सुटलाय का?”

गारलंडने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीच म्हणाला होता, “रॅडमाकर तिकडे मेला आणि मी इथे मोज्यांचे गठ्ठे मोजू?” शिवाय आता खरं सांगायचं, तर दोन महिने का लपवलं तेही सांगावं लागणार होतं.

“सामन्यात कधीच नाही, सर,” मी म्हणालो.

शब्दन् शब्द खरा होता. जिना सामन्यात येत नाही. मेजरांनी ‘पायदळास योग्य’ असा शिक्का मारला. बाहेर आल्यावर गारलंडने मला मिठी मारली.

पदवीनंतर मला एका मोसमापुरतं नव्या पोरांना शिकवायला अकादमीतच ठेवून घेतलं. गारलंड सप्टेंबरात गेला. ऑक्टोबरात बार्टलोंनी मला पट्ट्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या ओळखीचा एक सार्जंट गारलंडच्या तुकडीत होता, त्याचं पत्र आलं होतं. हेलिकॉप्टरकडे पळताना लेफ्टनंट टटल सपाट जमिनीवर कोसळले. गोळी लागली नव्हती. त्यांना उचलायला दोघे परत फिरले. तिघेही गेले.

बार्टलोंनी पत्राची घडी घातली. मग पट्ट्या गुंडाळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. चार हजार काटे थांबले. मला नाव ठाऊक होतं, तरी घास तोंडात तसाच धरला. नाव वाचून झालं, आणि हळूहळू काटे पुन्हा वाजू लागले.

शेजारी बसलेल्या मुख्य प्रशिक्षकांनी डोळे पुसले. “काय पाय होते पोराचे!” ते मला म्हणाले. “एकदाही दगा दिला नाही. हो ना, एमेट?”

“हो, सर,” मी म्हणालो.