काही झालं तरच फोन

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवायचं काम त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं, पण पिकलेले केस आणि दुसऱ्याच्या कोडमधली चूक दिसली की आपोआप वर चढणारी भुवई, एवढ्या भांडवलावर त्याला ही पदवी मिळाली होती. बाकीची टीम त्याच्या निम्म्या वयाची. तो जवळ आला की त्यांच्या गप्पा थांबायच्या. त्यात वाईट हेतू नव्हता, पण मास्तरला ते लागायचंच.

त्या दिवशी मात्र सगळ्यांना त्याच्यासमोर बसावं लागलं. दवाखान्यांच्या पेशंटांना तपासणीची आठवण करून देणारा त्यांचा प्रोग्राम मुकाट बंद पडला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. लॉगमध्ये तक्रार नाही, म्हणजे सगळं आलबेल, अशी समजूत. म्हातारीकोतारी माणसं तपासणीला गेलीच नाहीत, तेव्हा कुठे ओरड झाली. मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं, "मास्तर, लॉग म्हणजे काय ते या पोरांना एकदा नीट शिकवा."

मास्तर फळ्यापाशी उभा राहिला. "लॉग म्हणजे प्रोग्रामनं चालता चालता केलेली बडबड. सगळीच ऐकत बसलो तर डोकं फिरेल, म्हणून तिच्या पायऱ्या केल्यात." त्यानं खालून वर चार शब्द लिहिले: डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर. "डीबग म्हणजे बारीकसारीक सगळं. इन्फो म्हणजे रोजची कामं झाल्याची खबर. वॉर्निंग म्हणजे काम चाललंय, पण लक्षण ठीक नाही. आणि एरर म्हणजे बोंब. कुठल्या पायरीपासून वरचं ऐकायचं, ते आपण ठरवतो. आपण ठरवलं होतं, फक्त बोंब ऐकायची."

पोरं मोबाइलमध्ये डोकी घालून बसलेली. पालथ्या घड्यावर पाणी, मास्तर मनात म्हणाला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं घरचं उदाहरण काढलं.

"आता माझा दादाच बघा. तो तिकडे गावाला एकटा, मी इथे एकटा. आमचं ठरलंय, काही झालं तरच फोन करायचा. उगाच एकमेकांचा वेळ खायचा नाही. आमचं घराणंच एररवर चालतं!"

हशा पिकला. मास्तरची कळी खुलली. त्याच्या बोलण्यावर कुणी हसल्याला किती दिवस झाले होते!

पुढे बसलेली चष्मेवाली मात्र हसली नाही. टीममधली सगळ्यांत चौकस तीच. "पण मास्तर, प्रोग्रामच मेला तर एरर लिहिणार कोण? आपल्याकडे तेच झालं ना?"

"बरोब्बर! म्हणून त्याला अधूनमधून नुसतं 'मी आहे' एवढं लिहायला लावायचं. ते यायचं थांबलं की आपण धावायचं."

"मग तुमच्या दादांचं काय? फोन नाही म्हणजे ते बरे आहेत, हे कशावरून?"

दादाचा शेवटचा फोन वहिनी गेली तेव्हाचा. त्याला किती काळ लोटला, हे आठवून बघायची मास्तरला हिंमत होईना. उरलेलं त्यानं कसंबसं उरकलं आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

रिंग वाजून वाजून थांबली. त्यानं पुन्हा लावला. आता बंद होणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला.

"कोण गेलं?" दादाचा आवाज. हॅलो नाही, काही नाही.

"कुणी नाही, दादा. जायला आता उरलंय कोण? आपण दोघंच."

"मग फोन कशाला केलास?"

"सहज."

"सहज?" दादाला तो शब्द पचेना. "काहीतरी झालंय. लपवू नकोस माझ्यापासून."

"खरंच काही नाही. पण तुला उचलायला एवढा वेळ का लागला?"

"काठी टेकत यावं लागतं रे."

"काठी? कधीपासून?"

"मागच्या थंडीत न्हाणीघरात पडलो. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. आता चालतो की! म्हटलं, एवढ्याशासाठी तुला कशाला त्रास."

मास्तर पायरीवर बसला. सख्ख्या भावाचं हाड मोडतं, जुळतं, आणि आपण इथे भुवया उडवत बसतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

"दादा, यापुढे काही झालं नाही तरी फोन करायचा."

"काही झालंच नाही तर बोलायचं काय?"

"सकाळपासून काय काय केलंस ते सांग."

"त्यात काय सांगायचं? दूध नासलं. चष्मा शोधत बसलो, तो डोक्यावरच होता. मग..." दादा आधी अडखळला, पण एकदा सुरू झाल्यावर थांबेना. मास्तर भिंतीला टेकून ऐकत राहिला. टीमची पोरं गलका करत त्याच्या बाजूनं खाली जेवायला गेली.

"तू जेवलास का रे?" दादानं मध्येच विचारलं.

"हो. मजेत आहे मी," मास्तर सवयीनं म्हणून गेला. मग म्हणाला, "नाही, दादा. जेवलो नाही. एकट्यानं जेवायचा फार कंटाळा आलाय."



"थांब," दादा म्हणाला. "मीही वाढून घेतो. फोन ठेवू नकोस."