धोट्यातला दोरा

वाचकहो, लालबागच्या एका चाळीतील सुखी संसारात संशयाने कसा प्रवेश केला, आणि अखेरीस तो कोणाच्या घरी वस्तीस राहिला, याचे यथामती निवेदन मी येथे करीत आहे. शांत चित्ताने श्रवण करावे.

जयवंताचा आजा गिरणीत कापड विणीत असे. त्याचा लाकडी धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन धावणारी होडीच्या आकाराची वस्तू, जयवंताने काचेच्या कपाटात देवासारखा जपला होता. चाळ पाडण्यापूर्वी चाळीच्या मंडळाने गिरणगावच्या आठवणींचे प्रदर्शन योजिले. तेथे धोट्यास मानाचे स्थान होते. परंतु आदल्या दिवशी पाहतो तो कपाट रिकामे!

संशय तत्काळ पत्नीवर गेला. माया बौद्ध कुटुंबातील. आठवडाभर दोघांची खडाजंगी चालली होती.

"गिरण्या गेल्या नि आपली संस्कृतीच गेली," जयवंत म्हणाला होता. "तेव्हा सगळे एक होते. जातपात नव्हती."

"तुझ्या आज्याला नसेल. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढायचे ना? आमचं तोंड लागलेला धोटा चालणार नाही, म्हणून माझ्या भिवाआजोबांना विणकामाच्या खात्यात पाऊल नाही ठेवू दिलं. लिही तेपण प्रदर्शनातल्या पाटीवर."

"पाटी छोटी आहे गं."

"हो ना. आमची वेळ आली की छोटीच होते."

आता माया पिशवी घेऊन "दादरला भाजीला जाते" म्हणून निघाली, तेव्हा जयवंताच्या मनात पाल चुकचुकली. हिने धोटा भंगारात घातला की समुद्रात बुडविला? तो अंतर राखून मागे निघाला. माया दादरची वाट सोडून नायगावला, माहेरच्या चाळीत शिरली.

दार उघडेच होते. भिवाची लेक, मायाची वृद्ध आई कांताबाई, धोटा डोळ्यांजवळ धरून बसली होती.

"एवढ्याशा भोकापायी बाबांना जन्मभर लांब ठेवलं?" असे म्हणून तिने भोकास ओठ लावले व श्वास ओढला. दोरा सुर्रकन बाहेर आला. म्हातारी खुदकन हसली. "चव तर लाकडाचीच लागते की गं!"

इतक्यात तिची दृष्टी दाराकडे गेली.

"अगंबाई, जावईबापू! चोरासारखे काय उभे? या. तुमच्या आज्याचाच आहे, ओढा बघू तुम्ही."

तिने दोरा पुन्हा धोट्यात सारून तो पुढे केला. लाकूड ओले होते. जयवंताचा हात क्षणभर थबकला. मग त्याने ओठ लावून दोरा ओढला. कांताबाईने टाळी वाजविली. माया मात्र हसली नाही.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "थांबलास ना तू?"

"कधी?"

"ओठाला लावायच्या आधी."

"दोऱ्यात गाठ होती."

मायाने पिशवीतल्या धोट्यातून तोच दोरा काढला आणि चालता चालता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकविला. गाठ कोठेच नव्हती.

सकाळी जयवंताने मोठी पाटी आणली. तीवर आज्याच्या नावाखाली भिवाचे नाव, व त्यास विणकामापासून दूर का ठेविले ते कारण, तितक्याच ठळक अक्षरांत लिहिले.

"वाच," तो म्हणाला.

माया पाटीकडे नव्हे, त्याच्या ओठांकडे पाहत होती.

येथवर साथ दिलीत, याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
राजाराम धोंडू पालव, काळाचौकी