पुलापाशी अडलेलं कासव

"मागच्या वेळी पूलच नव्हता," मुलगी म्हणाली आणि तिने मास्कवर पालथा हात ठेवला. "आधी ते सांगा."

मामा तिच्या उशाशी उभे होते. ऑपरेशनच्या पोरांना वॉर्डातून आणायचं आणि परत न्यायचं हे त्यांचं काम. वय चोपन्न, पण हजेरीच्या कागदावर अजून 'वॉर्डबॉय'. दवाखान्यात लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. त्यांचा एक पाय सतत चुळबुळत असे. बायको म्हणायची, तुम्ही जेवायलासुद्धा उठायच्या तयारीने बसता. आज दोन्ही पाय चुळबुळत होते, कारण साडेदहा वाजून गेले होते, यादीत पाच ऑपरेशनं होती आणि हे दुसरंच होतं.

"कुठला पूल गं?"

"कासवाचा. कासवाला घाई होती. मावशीकडे चिठ्ठी पोचवायची होती. ते नदीपाशी आलं, तर पूल कुणीतरी उचलून नेलेला. मग मी झोपले." तिने एका दमात सांगितलं. "आठ महिने झाले."

आठ महिन्यांपूर्वी तिच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा आत दोन सळ्या बसवल्या होत्या. आज त्या काढायच्या होत्या. तासाभराचं काम.

मामांची गोष्टीची रीत ठरलेली होती. वॉर्डातून निघताना सुरुवात करायची, लांबलचक पॅसेजभर ती ओढायची आणि मास्क लागला की आवाज खाली आणायचा. अट एकच, पोराने 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबणार. गोष्ट अडू नये म्हणून पोरं हूं हूं करत राहायची आणि त्या नादात रडायचं विसरायची. भूल देणाऱ्या मॅडमचाही स्वतःच्या यंत्रांपेक्षा या हुंकारावर भरवसा जास्त. हुंकार बारीक झाला, लांबला आणि मग आलाच नाही, की त्या मान हलवायच्या आणि मामा असतील तिथे गोष्ट टाकून पुढच्या पोराला आणायला पळायचे.

म्हणजे बावीस वर्षांत मामांनी एकही गोष्ट शेवटाला नेली नव्हती. निम्मी पोरं नदी यायच्या आत झोपत, पुलापर्यंत टिकणारी फारच थोडी. नदीच्या पलीकडे काय आहे याची मामांना कधी गरजच पडली नव्हती.

मोठे डॉक्टर धुतलेले हात छातीसमोर वर धरून आत आले. "हे काय, अजून भूल नाही?"

"कासवाचा खोळंबा आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

"मामा, सांगून टाका ना काहीतरी."

सांगून टाकायला काय, पूल राक्षसाने नेला म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मुलगी टक लावून पाहत होती. घरच्यांनी तिला तऱ्हेतऱ्हेची उत्तरं देऊन पाहिली होती. बाबांच्या मते पूल वाहून गेला होता, आजोबांच्या मते तो भंगारवाल्याने नेला होता. तिने दोघांनाही उडवून लावलं होतं. तुम्हाला काय माहीत, ते मामांना माहीत.

"मी झोपल्यावर तुम्ही पुढे सांगत होता?" तिने विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. या खोलीत असे किती 'हो' त्यांनी वाटले होते. हो, आई दाराबाहेरच आहे. हो, आत्ता संपेल. पण आज जीभ रेटेना.

"नाही बाळा. तू झोपलीस आणि मी थांबलो. पुढच्या पोराला आणायला गेलो."

"मला वाटलंच. तिथे कुणीच बोलत नव्हतं."

"तिथे म्हणजे कुठे?"

"झोपल्यावर." आता तिचा आवाज कापला. "एकदम काहीच नव्हतं. कुणीच नव्हतं. मला परत तिथे एकटीला जायचं नाही."

इतकी वर्षं मामा पोरांना दारापर्यंत सोडून मागे फिरत होते आणि आपण सोबत करतो असं समजत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"या वेळी थांबायचं नाही," मुलगी म्हणाली. "मी उठेपर्यंत सांगायची. मला ऐकू नाही आलं तरी."

"सांगतो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "मामा, दुसरा माणूस आज रजेवर आहे. पुढचं पोर कोण आणणार?"

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलीने मास्कवरचा हात काढला. कासव पुन्हा घाईघाईने निघालं, हूं, त्याच्या पाठीला चिठ्ठी बांधलेली, हूं, समोर नदी, हूं... आणि मग काही नाही.

मॅडमनी मान हलवली. मामा बोलतच राहिले.

हुंकाराशिवाय गोष्ट सांगणं महाकठीण निघालं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं. कासवाने नावाड्याला हाका मारल्या. नावाडी जेवायला गेला होता. मग तो आला, तर होडीला भोक. भोक बुजवायला डांबर हवं. मामांना दरदरून घाम फुटला होता. कासव काठावरून हलायला तयार नव्हतं आणि घड्याळाचा काटाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हत्यारांचा खणखणाट चालला होता. मध्येच मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "डांबर आणायला कोण गेलंय?"

"नावाडी, सर."

"बरं, बरं."

एक सळई बाहेर आली आणि तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या. पुढचं पोर पाच वर्षांचं, सकाळपासून उपाशी, रडून रडून ओकायला लागलंय, मामांना पाठवा. मामांनी दाराकडे पाहिलं, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नावाड्याला रस्त्यातच सोडून ते गप्प झाले.

"जा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"शब्द दिलाय, मॅडम."

"मग मी सांगते. पळा."

या मॅडमना गोष्ट सांगताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. यंत्राच्या पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी घसा खाकरला. "तर, कासव. वजन अंदाजे चार किलो."

एवढं ऐकून मामा पळत सुटले. त्या उपाशी पोराला त्यांनी पॅसेजभर वेगळीच गोष्ट सांगितली, पण लक्ष सगळं मागे. पोराला बाहेरच्या खोलीत सिस्टरच्या मांडीवर देऊन ते परतले तेव्हा बारा मिनिटं झाली होती आणि कासव नदीपलीकडे पोचलेलं होतं.

"पलीकडे कसं गेलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पोहत," मॅडम म्हणाल्या. "अहो मामा, कासव आहे ते."

मोठ्या डॉक्टरांचे खांदे हलत होते. मामांना जरा लागलंच. बावीस वर्षं सांभाळलेलं कासव, आणि त्यांच्या मागे असं न विचारता पार नेलेलं. पण रुसायला सवड नव्हती. त्यांनी चिठ्ठी मावशीच्या दारी पोचवली. मावशीने ती उघडली, चष्मा शोधला, वाचली. कासवाला सवडीने परत पाठवा, असं त्यात लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मामांची गोष्ट संपली. टाके अजून घालायचे होते, म्हणून मामांनी कासवाला परतीच्या वाटेला लावलं.

मुलगी शुद्धीवर आली तेव्हा ते तिच्या खाटेशी उकिडवे बसले होते. आवाज पार बसला होता. पलीकडे आई तिचा हात धरून होती.

"सांगत होता?" ओठ सुकलेले, शब्द जड.

"हो."

"सगळा वेळ?"

आईने डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. मामांनी जमिनीकडे पाहिलं.

"बारा मिनिटं नव्हतो, बाळा. एक पोर फार रडत होतं, त्याला आणायला गेलो."

मुलीची हनुवटी थरथरली.

"तेव्हा मॅडम सांगत होत्या," मामा घाईने म्हणाले. "भूल देणाऱ्या."

"त्यांना येते गोष्ट?"

"अजिबात नाही. तरी सांगत होत्या."

पूल कुणी नेला ते मुलीने विचारलंच नाही. कुशीवर वळायला गेली, पाय दुखला, तशी उताणीच राहिली. मग तिने आपणहून डोळे मिटले.