एका धुराड्यात एकच आग

धुराडी दुरुस्त करणाऱ्या लोरिसने गुडघे टेकले, निवेसच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतलं धुराड्याचं गोल झाकण काढलं आणि आत हात घातला. बाहेर आला तेव्हा पंजा काळा होता. त्याने बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली, आणि मग तोच हात पुन्हा आत घालून विटांवर उपडा ठेवला, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"काकू, हे धुराडं बंद आहे म्हणालात ना?"

"माझ्याकडून बंद आहे," निवेस म्हणाली. "दुसऱ्याचं मी कशाला सांगू?"

"वीट कोमट आहे. काजळीही ताजी."

निवेसचा चेहरा उजळला. तिला धक्का वगैरे बसला नव्हता. शंका खरी ठरल्याचा आनंद काही वेगळाच असतो, आणि निवेसच्या वाट्याला अलीकडे दुसरे आनंद फारसे येत नव्हते.

"बघ! मी सांगत होते की नाही? खालून पेटवतात. माझे दीर, तार्चिझियो."

सासू गेल्यावर घराची वाटणी झाली. तळमजल्याचं जुनं स्वयंपाकघर आणि त्याला जोडून बांधलेल्या नव्या खोल्या तार्चिझियोला. वरचे दोन मजले निवेसच्या नवऱ्याला, एर्मेसला. नोटरीने कुरण वाटलं, अक्रोडाचं झाड वाटलं, माळ्यावरची मोडकी घसरगाडीसुद्धा वाटली. धुराडं कुणाचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. धूर ही वाटून घ्यायची चीज आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

एर्मेसही गेला. तार्चिझियो नव्या खोल्यांत गॅसवर मजेत राहतो. जुन्या स्वयंपाकघरात त्याचं काही नाही. ओट्यावर कांदे आणि भिंतीशी जुनी लोखंडी चूल. तरी दर शरद ऋतूत लाकडाची गाडी येते, आणि रोज संध्याकाळी तो ती चूल पेटवतो. का? निवेसने या प्रश्नाचा छडा केव्हाच लावला होता. वहिवाट. माणूस वापरत राहिला की वस्तू त्याची होते. उद्या निवेसला धुराडं हवं झालं, तर म्हातारा छातीवर हात ठेवून सांगणार, मी तर रोज वापरतो!

आणि नेमकं आता निवेसला धुराडं हवं झालं होतं. तिला भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी घ्यायची होती. सगळ्या खोऱ्यात घरोघरी तीच आली होती. गुडघे थकले, लाकडं चढवणं होत नाही, आणि गॅसचं बिल बघितलं की मक्याचा पोलेंटासुद्धा घशाखाली उतरत नाही.

"भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला तर?" तिने विचारलं. "वरच्या आळीतल्या ओनोरिनाने तसंच केलंय."

"ओनोरिनाच्या शेजारणीला विचारा. तिच्या खिडकीचे पडदे बघितलेत? कोळशाच्या वखारीतले वाटतात. धूर छपरावरूनच गेला पाहिजे, काकू. या धुराड्यात वरून खालपर्यंत पोलादी पाइप सोडतो, भोवती न जळणारी दगडी लोकर भरतो, टोकाला टोपी. पण एका धुराड्यात एकच आग. तुमच्या शेगडीला पंखा असतो. खालचं तोंड उघडं राहिलं तर पंखा तुमचा धूर त्यांच्या खोलीत ढकलेल, आणि ते पेटवतील तेव्हा त्यांचा तुमच्या खोलीत. खालचं तोंड चिणायलाच हवं."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मी नाही म्हणतो."

निवेसने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. हा पोरगा दिराने तर पाठवला नसेल? मग तिला आठवलं की याला तिनेच बोलावलं होतं. तेवढ्यापुरती शंका तिने बाजूला ठेवली. टाकून मात्र दिली नाही.

लोरिसने लांब केबलच्या टोकाचा कॅमेरा आत सरकवला. छोट्या पडद्यावर काळ्या विटा वर वर सरकू लागल्या. रांग सरळ होती, विटांमधले सांधे भरीव. भूकंपानंतर तार्चिझियोने हे धुराडं पुन्हा स्वतः बांधलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस तो. लोरिसने मान डोलावली. मग त्याचा हात थांबला. केबल थोडी मागे, थोडी पुढे.

"वर काय आहे? याच्या बरोबर वर?"

"माझी झोपायची खोली. का?"

"बघू द्या."

झोपायची खोली बघायची म्हणतो! निवेस त्याच्या मागून जिना चढली, आणि चढताना दाराच्या खिळ्यावरची पर्स काखेत घेऊन चढली.

लोरिसने पर्सकडे बघितलं नाही. पलंगाच्या डोक्याकडची भिंत त्याने तळव्याने चाचपली.

"इथे शेगडी नाही, रेडिएटर बंद. तरी खोली उबदार कशी?"

"एर्मेसने भिंत जाड बांधली होती," निवेस ताठ होत म्हणाली. हे ती चर्चच्या पायऱ्यांवरही सांगत असे. "मी रेडिएटर लावतच नाही. लोक उगीच पैसे जाळतात."

"जाड भिंत थंड असते, काकू. ही तापवलेली आहे. धुराडं याच भिंतीतून जातं, उशीच्या मागून." त्याने वाकून पलंग थोडा ओढला. भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद तिथे सुटला होता, आणि खाली गिलाव्यावर करड्या रंगाची रेघ होती. "आणि इथेच आत चीर आहे. कॅमेऱ्यात दिसली ती. सकाळी डोकं दुखतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे दुखतं."

"बीपी आहे मला."

"असेल. पण चिरेतून झिरपणाऱ्या या विषारी वायूला ना रंग, ना वास. गिलाव्यावर निभावलंय इतके दिवस. खालचा म्हातारा रोज रात्री तुम्हाला थोडं थोडं मारतोय, आणि त्याला पत्ता नाही. त्या खोलीत तो करतो तरी काय?"

"काही नाही," निवेस म्हणाली. "बसायला खुर्चीसुद्धा नाही तिथे."

हे वाक्य तिने आरोप म्हणून सुरू केलं होतं. संपताना तिचा आवाज खाली आला.

एर्मेस गेला त्या हिवाळ्यात ती बेकरीत मोठ्याने म्हणाली होती, काही जणांना कुरणं मिळतात आणि विधवांना बिलं. मी झोपायच्या खोलीतलं रेडिएटर बंदच केलंय, मेले तर थंडीने मरेन. ज्याला ऐकवायचं होतं तो दीर रांगेत पुढेच उभा होता, पाव काखेत घेऊन. त्याने मान वळवली नाही. त्याच आठवड्यात खालची चूल पेटायला लागली. निवेसने तेव्हाही हिशेब मांडला होता, आणि बेरीज बरोबर होती. फक्त रक्कम तिने चुकीच्या बाजूला लिहिली होती.

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिचा हात आपसूक भिंतीकडे गेला, आणि लोरिस बघतोय म्हणून मागे आला.

"मी जाऊन सांगतो त्यांना," लोरिस म्हणाला. "कडक शब्दांत. असल्या लोकांना दम द्यावाच लागतो."

"तू सांगायचं नाहीस."

"काकू, जीव जाता जाता वाचला तुमचा. आणि तोही त्यांच्याच बांधकामामुळे."

निवेसला हे कळत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं ती दिराविरुद्ध जे शोधत होती, ते आज आयतं हातात आलं होतं, साक्षीदारासकट. असा दारूगोळा गावात कुणाजवळ नव्हता. बेकरीत एकदा सांगितलं असतं की पुरे होतं.

"खालचं तोंड चिणलं की पेटणार नाही ना?"

"पेटणार नाही. भोंगाही लावून देतो, वायू झालाच तर बोंबलेल."

"मग तुझं काम झालं. चिरेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कॉफी ठेवलीय ती पी."

तार्चिझियो अंगणात ढलप्या काढत होता. तिला येताना बघून त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"या वहिनी. आज काय चोरीला गेलं?"

"अजून काही नाही. भावोजी, मला धुराडं हवंय."

"हवंय म्हणजे?"

"शेगडी घेतेय. खालचं तोंड चिणून द्या. आजच्या आज."

"वा! आईची भांडी झाली, अक्रोड झाले, आता धूरही." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मला लागतं ते. थंड धुराड्याला भेगा पडतात. म्हणून पेटवतो."

"आता माझी शेगडी तापवेल."

"आणि आजच का? संध्याकाळी मी..." तो थांबला. "संध्याकाळी मला कांदे कोरडे ठेवायचे असतात."

"कांदे माझ्या माळ्यावर टाका. त्या पोराला उद्या काम धरायचंय. पुन्हा महिनाभर यायचा नाही तो."

तार्चिझियोने वर बघितलं, तिच्या खिडकीकडे. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "काय म्हणाला तो? आत बघून?"

निवेसने आयुष्यात कुणाचं फुकट कौतुक केलं नव्हतं.

"म्हणाला, असं काम हल्ली बघायला मिळत नाही."

"म्हणणारच," तार्चिझियो म्हणाला आणि पँटवरच्या ढलप्या झटकू लागला. एकही राहिली नव्हती तरी झटकत राहिला.

त्याने चुन्याचं घमेलं कालवलं. वाटणीनंतर जुन्या स्वयंपाकघरात दोघं प्रथमच एकत्र उभी होती. त्याने चूल ओढून बाजूला केली, नळी काढली, राख भरली. मग थापी घेऊन भोकापुढे बसला.

"वहिनी, त्या शेगडीला दम असतो का? रात्रभर?"

"असतो."

"वरच्या खोलीपर्यंत पोचते ऊब?"

"जिन्याने चढते म्हणे."

"आणि पहाटे विझली म्हणजे?"

"आपोआप पेटते."

"यंत्राचा काय भरवसा," तो पुटपुटला. पण पहिली वीट लावली. मग दुसरी. प्रत्येक वीट ओळंब्यात बसत होती. भोक अर्धं बुजलं तसा त्याच्या जिभेला पुन्हा जोर आला.

"एर्मेस म्हणायचा ते खोटं नाही. जे दिसेल ते पाहिजे तुम्हाला. अशी हावरी बाई मी अख्ख्या खोऱ्यात बघितली नाही."

"नसेलच बघितली," निवेस म्हणाली, आणि वाकून पुढची वीट त्याच्या हातात दिली.