चाळणीतलं टोक

"जावईबापू, हे बाणाचं टोक माझ्या चाळणीत आलं कुठून?"

"मातीतून, मामा. आणखी कुठून येणार?"

डोंगरावरच्या त्या पडक्या किल्ल्यात मामा तीस वर्षं उत्खननाची माती चाळत होते. माती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. माणसांचं काही सांगता येत नाही. तटाच्या आत, जळक्या थरात शत्रूचा एक जरी बाण सापडला, तरी वेढ्याचा पुरावा मिळणार होता. नाहीतर शनिवारी काम बंद आणि खड्डा खणणाऱ्या जावयासकट सगळे घरी. आणि बाण सापडला नेमका गुरुवारी! उत्खननाच्या प्रमुख मॅडम आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. मामांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. खड्ड्यातली माती काळी, राखेची; टोकाच्या पोकळीत मात्र पिवळी. पिवळी माती दरवाजाबाहेरच्या वाटेवरची. तिथला बाण काय, एखाद्या शिकाऱ्याचाही असेल.

"तुम्हीच टाकलंत."

जावयाचा चेहरा उतरला. "लेक दिलीत ना मला? मग एवढाही विश्वास नाही?"

"लेक दिली तेव्हा माती तपासायची राहिली."

मामा तणतणत चाळणी उचलून मॅडमच्या तंबूकडे निघाले. अर्ध्या वाटेत त्यांचं लक्ष चाळणीच्या कोपऱ्याकडे गेलं. लाकडी पट्टीमागे पिवळ्या मातीचं ढेकूळ, आणि त्यात एक खाच. त्यांनी टोक खाचेत धरलं. चपखल बसलं.

काल संध्याकाळी वाटेवरच्या खड्ड्यातली शेवटची पाटी त्यांनीच चाळली होती. चाळणी उलटी करून तीनदा आपटायची, हा नियम अख्ख्या किल्ल्याला शिकवला तो त्यांनीच. पण काल कंबर धरली होती. कोण बघतंय, म्हणून चाळणी तशीच भिंतीला टेकवली होती.

आत्ताही कुणी बघत नव्हतं. ढेकूळ बोटाने पाडलं की प्रकरण मिटलं असतं. मामा बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग तंबूत शिरले.

"मॅडम, चूक माझी आहे. हे आतलं नाही."

मॅडमनी टोकाच्या पिशवीवरची चिठ्ठी काढून नवी लिहिली : ठिकाण अनिश्चित.

संध्याकाळी मामा जावयाला म्हणाले, "चुकलो मी. माफ करा." जावई नुसता उठून गेला.

शनिवारी सामान गाडीत चढत होतं. दोन दिवस जावई मामांशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने मामांच्या हातातून चाळणी घेतली, उलटी केली, त्यांच्यासमोर तीनदा आपटली आणि गाडीत ठेवली.

चाळणीतून काहीच पडलं नाही. मामा तरी खाली बघत राहिले.